ताई पंप सर्व्हिस

प्रिय ठोंब्या,

'प्रिय' हे सवयीनं लिहिलं गेलं. आज मनात दुसरेच शब्द होते, पण कागद वाचनालयाचा आहे, म्हणून जपून वापरते. फोन का नाही केलास, असं तू म्हणशील. फोनवर तू काय करतोस ते मला आता पाठ झालंय. माझी दोन वाक्यं होईपर्यंत "हो ताई, हो ताई" चालतं, तिसऱ्या वाक्याला पाना खाली पडल्याचा आवाज येतो आणि चौथ्याला नेमकं गिऱ्हाईक उगवतं. पत्राला हो-हो म्हणून गप्प करता येत नाही. तेव्हा दुकानातल्या त्या मोडक्या स्टुलावर बस आणि वाच. बसूनच वाच, जिना चढता चढता नको. पाकीट जरा जाड लागलं असेल. आत आणखी एक वस्तू आहे, ती लगेच उघडून बघू नकोस. पत्र संपल्यावर बघ. एवढं तरी माझं ऐक.

काल दुपारी वहिनीचा फोन आला. आधी पाच मिनिटं ती नुसतीच इकडचं तिकडचं बोलत होती, तेव्हाच मी ओळखलं की तू काहीतरी नवीन दिवे लावलेले आहेत. मग म्हणाली, हे दिवसाला पाच-सहा लिटर पाणी पितात. दुकानात एक कॅन, घरात एक कॅन, उशाशी तांब्या. विचारलं तर म्हणतात, व्हॉल्व्ह गळतोय ना, मग पंप हवा धरणार, हवा धरू नये म्हणून भरून ठेवायचा. मी फोन कानाला लावून खुर्चीत बसूनच राहिले. समोर एक आजोबा पुस्तक बदलायला उभे होते, ते मला विचारायला लागले की बाई, काही वाईट बातमी आहे का. काय सांगणार त्यांना? की माझा भाऊ त्रेपन्न वर्षांचा आहे, शंभर मैलांतला सगळ्यात चांगला पंप मेकॅनिक आहे, आणि स्वतःच्या हृदयाला विहिरीवरचा फूट व्हॉल्व्ह समजतोय?

अरे बाबा, तुझ्याकडूनच शिकलेलं तुलाच सांगते. नळीच्या तळाला तुझा तो फूट व्हॉल्व्ह असतो, तो पाणी वर येऊ देतो आणि खाली जाऊ देत नाही. तो गळायला लागला की नळीतलं पाणी परत विहिरीत उतरतं, पंप कोरडा फिरतो, आणि मग दर वेळी बादलीभर पाणी ओतून तो भरून घ्यावा लागतो. बरोबर? पण तुझं हृदय विहिरीवर बसवलेलं नाही. त्यात काही कोरडं पडत नाही. उलट तिथं आधीच जास्त झालंय. जे रक्त पुढे अंगात जायचं, त्यातलं निम्म्याच्या आसपास उलटं फिरून वरच्या कप्प्यात जातंय, तिथून फुप्फुसांत तुंबतंय, म्हणून तुला धाप लागते, म्हणून तू तीन उशा घेऊन बसल्यासारखा झोपतोस. आणि त्यात तू वरून सहा लिटर ओततोस! डॉक्टरांनी दीड लिटर सांगितलं होतं, चहासकट. मीठ कमी सांगितलं होतं. वहिनी म्हणते तुझे घोटे इतके सुजलेत की मोज्याच्या रबराचा वळ संध्याकाळपर्यंत जात नाही. तुझ्यापुढे बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, आणि तू तर म्हणशील, घडा पालथा असेल तर आधी वॉशर बघायला हवा.

तिनं ते स्क्रूड्रायव्हरचंही सांगितलं. तो तुझा हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर, ज्याचं टोक मोटरला आणि मूठ कानाला लावून तू बेअरिंग गेलंय की नाही ते सांगतोस, तो तू स्वतःच्या छातीला लावलास आणि मूठ तिच्या कानाला. "कसं वाजतंय सांग." ती बिचारी म्हणाली, ताई, खरंच काहीतरी सूं-सूं ऐकू आलं हो, आणि मला रडायला आलं. तर तू तिला सांगितलंस की आवाज एकसारखा आहे, म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही. मला वहिनीची कीव येते. तुझ्याशी लग्न करण्याऐवजी तिनं एखादा शांतसा दगड पाळला असता तरी सुखी झाली असती.

आता तुझ्या दुसऱ्या मुद्द्याकडे वळते, कारण तो मुद्दा तू माझ्याच जिवावर मिरवतोस. "ताईचाही व्हॉल्व्ह गळतो, ती ठणठणीत आहे." चूक माझीच झाली. तपासणीच्या दिवशी तू त्या टेबलावर चढायलाच तयार नव्हतास. लहानपणी औषधाच्या चमच्यासमोर करायचास तसं "आधी तू" करून बसलास. ती तपासणारी मुलगी हसायला लागली. शेवटी मीच पैसे भरले आणि आधी मी झोपले. छातीवर तो थंडगार चिकट लेप, समोर पडद्यावर माझं हृदय एखाद्या घाबरलेल्या कोंबडीसारखं पंख मारतंय, आणि त्यात एका जागी निळ्या रंगाचा इवलासा ठिपका. रिपोर्टात आलं, झडपेतून किंचित गळती. डॉक्टरांनी त्याकडे दुसऱ्यांदा पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, हे बहुतेकांना असतं. आणि तू तेवढंच ऐकलंस. त्यानंतर ते अर्धा तास तुझ्याबद्दल बोलत होते, तेव्हा तू छताचा पंखा कसा डुगडुगतोय ते बघत होतास. मी पाहिलंय तुला.

तर मी हे नीट वाचून काढलंय. आमच्या संदर्भ विभागात एक भलंथोरलं वैद्यकाचं पुस्तक आहे, ते घरी नेता येत नाही, म्हणून गेला महिनाभर मी जेवणाच्या सुट्टीत तिथं जाऊन बसते. त्यात लिहिलंय की दहा धडधाकट माणसं ओळीनं टेबलावर झोपवली, तर सहा-सात जणांच्या कुठल्या ना कुठल्या झडपेतून थेंबभर रक्त मागे जाताना दिसतंच. त्याला कुणी आजार म्हणत नाही. नळ बंद केल्यावर तोटीशी एक थेंब लोंबतो ना, तसं ते. पण औषधपाणी लागावं इतकी गळणारी झडप शंभरात दोघा-तिघांचीच असते. वय वाढेल तशी ती संख्या वाढते, पंचाहत्तरीच्या पुढे दहातल्या एकाची गळते. तू पंचाहत्तरीचा नाहीस. तू त्या शंभरातल्या दोघा-तिघांतला आहेस. माझा थेंब आणि तुझा फुटलेला पाइप या दोन्हींना 'गळती' हाच एक शब्द आहे, आणि तू नेमका तेवढा शब्द उचललास. गिऱ्हाइकानं असं केलं असतं तर तू त्याला दुकानातून हाकललं असतंस.

त्याच पुस्तकात एक पान कारणांचं आहे. ते मी इतक्यांदा उघडलंय की आता पुस्तक टेबलावर ठेवलं की आपणहून तिथंच उघडतं. झडपा का गळतात, तर कारणं ढीगभर. कुणाची झडप जन्मतःच ढिली असते, मिटताना मागे फुगते. झडपेला धरून ठेवणाऱ्या बारीक दोऱ्या असतात, त्या ताणतात, एखादी तुटतेसुद्धा. कुणाचं नुसतं वय होतं. कुणाला हृदयाचा झटका येऊन गेलेला असतो, मग झडप ओढून धरणारा स्नायूच लुळा पडतो. कुणाचं हृदय वर्षानुवर्षांच्या रक्तदाबानं फुगतं, म्हणजे दार चांगलं असतं पण चौकट फाकते, आणि मग दोन फळ्या एकमेकींना भेटत नाहीत. कुणाला रक्तातून जंतूंचा संसर्ग होतो आणि ते जंतू झडपच कुरतडतात. आणि आणखी एक कारण आहे, लहानपणीच्या एका तापाचं. त्याबद्दल पुढे लिहिते.

मध्ये तुझ्या भाच्याची बातमी सांगायची राहिली. त्याला बदली मिळाली, पुढच्या महिन्यात जवळ येतोय. त्यानं तुझ्या दुकानाचा फोटो फोनवर मला पाठवला, गेल्या वेळी तुझ्याकडे आला होता तेव्हाचा. पाटी तू पुन्हा रंगवून घेतलीस वाटतं. निळ्यावर पिवळी अक्षरं, 'ताई पंप सर्व्हिस'. लोक तुलाच "ओ ताई पंप" म्हणून हाक मारतात आणि तुला त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं. दर वेळी वाटतं. सव्वीस वर्षं झाली दुकानाला, आणि सव्वीस वर्षं मी तुला सांगतेय की दुसरं काहीतरी नाव ठेव.

आणि ती तुझी गोष्ट! तुझ्या मुलाच्या लग्नातही तू ती साठ-सत्तर माणसांसमोर सांगितलीस. ताई मला लहानपणी पाणीपुरवठ्याच्या पंपघरात न्यायची, दर आठवड्याला न्यायची, तिथले पंपवाले काका मला उचलून मोठ्या चाकाजवळ धरायचे, मोटर सुरू झाली की जमीन थरथरायची, तिथंच मी ठरवलं की आपण हेच करायचं, माझ्या ताईनं मला धंदा दिला. लोक टाळ्या वाजवत होते. मी उठून भांडी मोजायला आत गेले. तुला वाटलं ताई लाजली. मी लाजले नव्हते. आणि दर आठवड्याला नव्हतं ते, दर तीन आठवड्यांनी होतं, मंगळवारी. इतकी वर्षं गोष्ट सांगतोस, तीनच आठवड्यांनी का, हा प्रश्न तुला कधी पडला नाही. असो.

ऑपरेशनची पहिली तारीख तू चुकवलीस, कारण शाळेच्या टाकीचा पंप बसला होता. ठीक आहे, मुलांना पाणी हवं. दुसऱ्या तारखेला मी दवाखान्याच्या दारात सकाळी सात वाजल्यापासून पिशवी घेऊन उभी होते, त्या पिशवीत तुझा टॉवेल, तुझा चष्मा, तुझे पायमोजे. दहा वाजता तुझा फोन आला की तू निघालाच नाहीस. रखवालदारानं मला बसायला खुर्ची दिली, इतका माझा चेहरा उतरला होता. त्या दिवशी तुला काय काय बोलले ते तुझ्या लक्षात असेल. तेव्हा तू प्रथमच खरं कारण सांगितलंस. म्हणालास, ताई, बिघाड का झाला ते कळल्याशिवाय मी कधी कुणाचा पंप उघडलेला नाही. कारण न कळता उघडला की चांगले भागही बिघडतात, आणि जोडून दिला की महिन्याभरात परत तेच. डॉक्टर नुसते म्हणतात उघडून बघू. आधी सांगा म्हणावं का गळतोय, मग उघडा.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं मी तेव्हा तुला म्हणाले आणि फोन ठेवला. पण ठोंब्या, मला त्या दिवसापासून धड जेवण गेलेलं नाही. कारण तुझी अट चुकीची असेल, पण वेडगळ नाही. आणि डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला होता. तू पंखा बघत होतास, तरी तेवढा तुला ऐकू आला होता. ते म्हणाले होते की झडपेच्या कडा जाड झाल्यात, आखडल्यात, हे लहानपणच्या तापानं झाल्यासारखं दिसतंय. घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ताप यायचा, सांधे सुजायचे, असं काही होतं का? ते कळलं तर झडप दुरुस्त करायची की बदलायची याचा अंदाज बांधायला मदत होते, आणि पुढे काही वर्षं इंजेक्शनं द्यायची का तेही ठरवता येतं. तू म्हणालास, छे, मी लहानपणी घोड्यासारखा होतो. ताईला विचारा, तिला सगळं आठवतं. आणि डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

मी म्हणाले, तसं काही आठवत नाही.

मला सगळं आठवतं. तू सहा वर्षांचा होतास. घसा दुखला, आईनं मिठाच्या पाण्याच्या गुळण्या दिल्या, बरा झालास. मग काही आठवड्यांनी एक दिवस तुझा गुडघा सुजला, दोन दिवसांनी तो बरा आणि घोटा सुजला, मग कोपर. तुला कुशीवर वळवलं तरी तू ओरडायचास. आई बाटल्यांच्या कारखान्यात, बाबा ट्रक घेऊन महिना महिना बाहेर, तेव्हा तुझ्याजवळ मी. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छाती ऐकून आईला बाजूला घेतलं आणि सांगितलं की तापानं हृदयाला धक्का लागलाय, आता याला दर तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन, मोठा होईपर्यंत, एकही चुकवायचं नाही. एक पिवळं कार्ड दिलं. आईनं तुला सांगितलं की ही ताकदीची सुई आहे, पैलवानांना देतात, म्हणून तुझ्या डोक्यात आजारपण राहिलंच नाही. आणि कार्ड माझ्या हातात आलं, कारण दवाखाना मंगळवारी दुपारी उघडा असायचा आणि त्या वेळी आईची पाळी असायची. मी अकरा वर्षांची होते.

ती सुई फार दुखायची रे. औषध घट्ट असायचं, ते आत जायला वेळ लागायचा. नर्सबाई प्रेमळ होत्या, पण त्यांचा काही इलाज नव्हता. मी तुझे दोन्ही हात धरायचे, आणि नंतर तू लंगडत घरी यायचास, माझ्याशी बोलायचा नाहीस. सतरा वेळा नेलं मी तुला. अठराव्या वेळी तू दवाखान्याच्या पायरीवर बसलास आणि रडलास पण नाहीस, नुसता म्हणालास, ताई, आज नको ना. मी तुझ्याकडे बघितलं. मागच्याच रस्त्याला पंपघर होतं. मी म्हणाले, चल, तुला गंमत दाखवते. संध्याकाळी मी निळ्या शाईच्या पेनानं कार्डावर तारीख घातली आणि पुढे नर्सबाईंची सही काढली, त्यांच्या सहीला शेवटी एक शेपूट असायचं, ते मला छान जमलं. आईनं कार्ड बघितलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, माझी गुणाची पोर. तो धरून असे सहा मंगळवार, ठोंब्या. सहा. तुझी ती सगळी गोष्ट, ते चाक, ते काका, ती थरथरणारी जमीन, ती या सहा मंगळवारांत झाली.

मग तुला पुन्हा ताप आला, पहिल्याहून जास्त. आई कार्ड घेऊन दवाखान्यात गेली आणि भर रांगेत नर्सबाईंवर बरसली. म्हणाली, एकही सुई चुकलेली नाही, मग हे कसं झालं, तुम्ही औषधाच्या नावाखाली पाणी टोचता. मी तिथंच होते, तिचा पदर धरून. नर्सबाईंनी कार्ड हातात घेतलं, शेवटच्या सहा ओळी बघितल्या, मग माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, पुढच्या वेळेपासून मी स्वतः तुमच्या घरी येऊन देईन. मी तेव्हा तोंड उघडलं असतं तर सगळं निभावलं असतं. मी गप्प बसले. आईनं त्यांना दारातही उभं केलं नाही. या सुयांचा काही उपयोग नाही असं तिचं मत झालं ते झालंच, आणि तुला पुढे एकही इंजेक्शन मिळालं नाही. म्हणजे सहा चुकली असं नाही. सगळीच चुकली. आई गेली तेव्हाही तिला हे माहीत नव्हतं. कार्ड मात्र मी फेकू शकले नाही, पंचेचाळीस वर्षं माझ्या शिवणाच्या डब्यात तळाशी आहे.

पुस्तकात लिहिलंय की पहिल्याच तापात झडप बिघडलेली असू शकते. हे मी स्वतःला पुष्कळदा वाचून दाखवलंय. पण त्याच्याच खालची ओळ अशी आहे की प्रत्येक नव्या तापागणिक ती आणखी आखडते, आणि म्हणूनच ते इंजेक्शन देतात. ती ओळ मी बोटानं झाकून पाहिली, तरी ती तिथंच असते. इतके दिवस मी तुझ्या पाण्यावर चिडले, तुझ्या स्क्रूड्रायव्हरवर चिडले, तुझ्या पाटीवर चिडले. खाई त्याला खवखवे, दुसरं काय. तू मूर्ख आहेस हे मात्र खरं आहे, ते मी मागे घेत नाही.

तर आता ती वस्तू काढ. ते पिवळं कार्ड आहे. वरच्या सतरा ओळी नर्सबाईंच्या, खालच्या सहा माझ्या, शेपटासकट. तुला बिघाडाचं कारण हवं होतं, त्याशिवाय उघडू देणार नव्हतास. हे घे कारण, लेखी, तारखांसकट. याहून जास्त पुरावा तू कुठल्या गिऱ्हाइकाकडे मागितला नसशील. मी काल डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलंय, ते माझ्यावर रागावले नाहीत, त्यामुळे मला जास्तच वाईट वाटलं. ते म्हणाले, अजून वेळ आहे, पण हृदय दमत चाललंय, सहा महिन्यांनी झडप बदलून काही उपयोग होईल असं सांगू शकत नाही. ऑपरेशनची नवी तारीख सतरा, सकाळी सात. मी दारात असेन, तीच पिशवी घेऊन. तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, माझ्याकडे बघूही नकोस, वहिनीचा हात धरून माझ्या अंगावरून सरळ आत जा. पण जा. या वेळी "ताई, आज नको ना" म्हणालास तर मी ऐकणार नाही, एकदा ऐकलं ते पुरे झालं. आणि पाटीवरचं माझं नाव खरवडून टाकावंसं वाटलं तर खुशाल टाक, तुझा हक्कच आहे तो. फक्त ऑपरेशन होऊन तीन महिने जाऊ देत. तोपर्यंत शिडीवर चढायचं नाही.

पाटी राहो न राहो,
तुझीच,
ताई